गुरं नव्या कुरणावर नेताना घरातल्या कुणी कुठं उभं राहायचं

गुरं एका कुरणातून दुसऱ्या कुरणात न्यायची म्हटली की घरातले सगळे मागून हाकायला तयार असतात आणि पुढं कुणीच नसतं. मग पहिली गाय अनोळखी वाटेवर थबकते, मागचे दोघं-तिघं एकदम ओरडतात, कळप मधूनच फुटतो, एखादी कालवड कुंपणावरून उडी टाकते आणि अर्ध्या तासाचं काम दुपारपर्यंत लांबतं. पुढची वाट मोकळी असली, मागून दाब बेताचा असला आणि बाजूची भगदाडं कुणी तरी अडवून धरली की जनावर आपणहून चालतं. म्हणून इथं हाकण्यापेक्षा उभं राहण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

हलवायचं कधी, ते गवत ठरवतं

वीतभर वाढलं की गुरं आत सोडायची आणि चार बोटं उरलं की बाहेर काढायची, हा साध्या कुरणी गवताचा ढोबळ हिशेब. म्हणजे आत सोडताना २० ते २५ सेंटिमीटर, काढताना ७ ते १० सेंटिमीटर. उंच वाढणाऱ्या जातींना दोन्ही आकडे वाढवावे लागतात. खाली थोडं पान शिल्लक राहिलं तर गवत त्या पानावर पुन्हा वाढतं. मुळापर्यंत खरवडलं गेलं तर त्याला मुळातला साठा मोडून उभं राहावं लागतं, आणि पुढच्या खेपेला तेच कुरण विरळ दिसतं. चार बोटं सोडण्याचा आणखी एक फायदा आहे. जंतांच्या अळ्या बहुतांशी गवताच्या बुडाच्या भागात असतात, त्यामुळे तोंड तिथपर्यंत गेलं नाही तर जंतही कमी पोटात जातात.

खाल्लेल्या गवताला वाढीच्या दिवसांत तीन-चार दिवसांत नवी पालवी फुटते. गुरं तोवर तिथंच असतील तर ती जून गवत सोडून नेमकी हीच पालवी ओरबाडतात. आंद्रे व्हॉईसिन या फ्रेंच जीवरसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या मध्यात हेच नियम म्हणून मांडलं: दोन चराईंच्या मधे गवताला पुरेशी विश्रांती मिळावी, आणि एका मुक्कामात एकाच झुबक्याला दुसऱ्यांदा तोंड लागू नये. विश्रांती किती, हे वाढीवर अवलंबून. ओल आणि ऊब असताना २५ ते ३० दिवस पुरतात. वाढ मंदावली की ४५ ते ६० किंवा त्याहूनही जास्त. कॅलेंडरवर बोट ठेवून ‘दर महिन्याला’ हलवणारे इथंच फसतात.

किती दिवस पुरेल याचा अंदाजही आधी बांधावा. जनावर रोज आपल्या वजनाच्या साधारण अडीच ते तीन टक्के कोरडा चारा खातं. ४०० किलोची गाय धरली तर १० ते १२ किलो. कोवळ्या हिरव्या गवतात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून हिरव्या वजनात ते ५० ते ६० किलो होतं. शिवाय तुडवलेलं आणि शेण पडलेलं वाया जातं, तेही धरा.

नवं कुरण आधी पायाखालून घाला

आदल्या दिवशी घरातल्या दोघा-तिघांनी कुरणात आडवं-उभं फिरून यावं. यात मुलांना जरूर घ्या. त्यांची नजर जमिनीजवळ असते, आणि तारेचा तुकडा, खिळा, फुटकी बाटली, प्लास्टिकची पिशवी त्यांना आपल्याआधी सापडते. गाय जिभेनं गवत गुंडाळून ओढते, घास निवडत बसत नाही. त्यामुळे तार सरळ पोटात जाते आणि जाळीपोटात, म्हणजे पोटाच्या पुढच्या जाळीदार कप्प्यात, अडकते. जाळीपोट आणि हृदय यांच्यामधे फक्त पातळ पडदा असल्यानं ती तार पुढं हृदयापर्यंत टोचू शकते. सापडलेलं सगळं पिशवीत भरून कुरणाबाहेर आणायचं, बांधावर ठेवायचं नाही.

मोठ्यांनी झाडं बघायची. घाणेरी, कण्हेर, एरंड ही तिन्ही विषारी. पोट भरलेलं जनावर सहसा त्यांच्या वाटेला जात नाही, उपाशी सोडलेलं जातं. शेजारी ज्वारी असेल, विशेषतः कोवळी, पाण्याविना सुकलेली किंवा कापणीनंतर फुटलेला खोडवा, तर ते कुंपण दोनदा तपासा. अशा ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होतं, किराळ लागते म्हणतात ती याचीच, आणि जनावर काही मिनिटांत कोसळू शकतं. जवळपास तणनाशक किंवा कीटकनाशक फवारलं आहे का, हेही विचारून घ्यावं. दलदलीच्या, गोगलगायी दिसणाऱ्या कोपऱ्याला शक्यतो आड घालावी, कारण यकृतातले चपटे जंत तिथूनच येतात.

पाणी गुरांच्या आधी तिथं पोचलेलं हवं. मोठ्या जनावराला दिवसाला ४० ते ६० लिटर लागतं, दुभत्या गाईला उन्हाच्या दिवसांत १०० लिटरच्याही वर. गुरं पाण्यावर एकेकटी जात नाहीत, घोळक्यानं जातात. म्हणून टाकी किती मोठी यापेक्षा एका वेळी किती तोंडं लागतील ते बघा. नाहीतर दांडग्या गाई पिऊन निघतात आणि त्यांच्यामागं दुबळ्या अर्धवट तहानेनंच परततात.

कुंपणाबद्दल एकच गोष्ट निक्षून सांगतो. विजेची तार लावायची तर त्यासाठीचं झटका मशीनच वापरायचं. घरातल्या विजेची जोडणी थेट कुंपणाला देणं म्हणजे माणूस मारणं आहे. मोठ्या गुरांसाठी एकेरी तार जमिनीपासून ७५ ते ८० सेंटिमीटरवर, नाकाच्या उंचीला ठेवतात. ज्या गुरांनी झटका कधी पाहिलेला नाही, त्यांना आधी गोठ्याजवळच्या भक्कम कुंपणाआत अशी तार दाखवावी. पहिला झटका नाकाला बसला की जनावर मागं सरतं. धावत्या अंगाला बसला तर ते तारेतून पुढंच जातं.

पोटाची तयारी

एका गवताळ कुरणातून तशाच दुसऱ्या कुरणात जात असाल तर हा भाग सोडून द्या. सुक्या चाऱ्यावरची गुरं हिरव्यागार रानात चालली असतील तर मात्र घाई नको. कोटीपोटातल्या, म्हणजे पोटाच्या सगळ्यांत मोठ्या कप्प्यातल्या, सूक्ष्मजीवांना नव्या चाऱ्याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. पहिल्या दिवशी दोन तास, मग हळूहळू जास्त. सोडण्याआधी कडबा किंवा वाळलेलं गवत पोटभर घालावं.

कुरणात लसूणघास, बरसीम अशी द्विदल वैरण जास्त असेल तर दव वाळल्याशिवाय तोंड लावू देऊ नये. पोटफुगीची खूण डाव्या कुशीत दिसते. एरवी खोल असलेला खळगा भरून येतो, मग पाठीच्या वर उचलतो, टिचकी मारली तर ढोलासारखा वाजतो. अशा जनावराला लगेच चालतं ठेवायचं, पुढचे पाय चढावर येतील असं उभं करायचं आणि पशुवैद्यकाला बोलवायचं. वेगानं वाढलेल्या कोवळ्या गवतात मॅग्नेशियम कमी पडतं, ताज्या व्यायलेल्या गाईंना त्यानं झटके येऊ शकतात. म्हणून खनिज मिश्रण आधीपासून सुरू असावं.

गाय काय बघते

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त थेट शेपटामागचा पट्टा दिसत नाही. तुम्ही तिथून चालत आलात तर तिला नुसता आवाज येतो, माणूस दिसत नाही, मग ती वळते किंवा लाथ झाडते. समोरचं खोल-उथळ तिला नीट कळत नाही. म्हणूनच रस्त्यावरची सावली, पाण्याचं डबकं, चकाकणारा पत्रा, कुंपणावर फडफडणारं कापड यांपाशी ती थांबून मान खाली घालते. तिला ते खड्ड्यासारखं वाटतं. तिला बघू द्या, हुंगू द्या. अर्ध्या मिनिटात ती ओलांडते. त्याच अर्ध्या मिनिटात मागून काठी बसली तर ती जागा पुढच्या खेपेलाही तिच्या लक्षात राहते.

प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य रिंगण असतं. त्याच्या काठावर तुम्ही आलात की ते तुमच्याकडे बघतं, आत पाऊल टाकलंत की हलतं, बाहेर सरलात की थांबतं. अमेरिकेतल्या पशुवर्तन अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी हे रिंगण आणि खांद्याची रेघ या दोन गोष्टी जगभरच्या पशुपालकांपर्यंत पोचवल्या. खांद्याची रेघ म्हणजे, जनावराच्या खांद्याच्या मागं राहून तुम्ही रिंगणात शिरलात तर ते पुढं जातं, खांद्याच्या पुढं येऊन शिरलात तर मागं सरतं. रोज अंगाखांद्यावर हात फिरवलेल्या दुभत्या गाईचं रिंगण हातभरही नसतं. मोकळ्या रानात वाढलेल्या कालवडीचं चांगलंच मोठं असतं.

घरच्या माणसांना हे सांगून कळत नाही, करून कळतं. आदल्या संध्याकाळी एका शांत गाईवर सगळ्यांनी करून बघावं. तिच्या बाजूनं, काही पावलं अंतर ठेवून, तिच्या तोंडाकडून शेपटाकडे समांतर चाला. तुम्ही खांदा ओलांडून मागं गेलात की ती पुढचा पाय टाकते. पाय टाकला की लगेच थांबा. हे थांबणं हेच तिला मिळालेलं बक्षीस. चालायला लागलेल्या गाईवर दाब चालूच ठेवला तर तिला कळतच नाही की तुम्हाला हवं ते तिनं केलं आहे.

कुणाला कुठं

सगळ्यांत पुढं घरातली ती व्यक्ती, जी रोज आंबोण घालते किंवा धार काढते. ती बाई असो, पोरगा असो, वयानं फरक पडत नाही. तिचा आवाज गुरांना खाण्याशी जोडलेला असतो. तिनं बादलीत थोडी पेंड घेऊन, रोजची हाक देत, कळपाच्या पुढं दहा-पंधरा पावलं चालायचं. बादली हलवायची, पण वाटेत खायला घालायचं नाही, नाहीतर चार गाई तिथंच ढुशा द्यायला लागतात.

तिच्यामागं आपोआप एक जनावर लागतं. ही म्होरकी गाय सगळ्यांत दांडगी असतेच असं नाही. दांडगी बहुतेक वेळा मधे चालते आणि पुढं एखादी चौकस, मध्यम वयाची असते. तिच्या गळ्यात घंटा बांधली तर मागच्यांना बरं पडतं. म्होरकी कोणती हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कोणती मारकी आहे, कोणती पाण्यात उतरत नाही, कोणाच्या जवळ कोण उभं राहत नाही, हेही त्यांनाच ठाऊक असतं. हलवण्याच्या दिवशी आजी-आजोबांना ‘तुम्ही घरी बसा’ म्हणणं मला तरी कधी पटलेलं नाही. त्यांना नव्या कुरणाच्या फाटकावर खुर्ची टाकून द्या, वाट सोडून एका अंगाला. आत शिरणारं प्रत्येक जनावर मोजायचं, वासरांसह. गडबडीत आपण मोजलेला आकडा कधी बरोबर निघत नाही, एका जागी बसलेल्याचा निघतो.

मागं एक किंवा फार तर दोन माणसं. त्यांनी सरळ रेषेत न चालता नागमोडी, डावीकडून उजवीकडे आणि परत, असं चालायचं. थेट मागं कुणी फार वेळ राहिलं तर गाई त्याला बघायला वळतात. नागमोडी चालणारा माणूस कधी या डोळ्याला दिसतो, कधी त्या. हातातली काठी हात लांब करण्यापुरती, मारण्यासाठी नाही. शेपूट पिरगाळणं पूर्ण बंद.

बाजूंना उरलेली माणसं, आणि ती चालणारी नसावीत. वाटेत जिथं कुंपण तुटलंय, आडवाट फुटते, कुणाचं उभं पीक आहे, तिथं आधीच एकेक जण जाऊन उभा राहतो. काम एवढंच की दिसत राहायचं. कळप जवळ आला की हात पसरायचे, गेला की पाच मिनिटं तिथंच थांबायचं, कारण मागं राहिलेलं वासरू नेमकं तेव्हाच येतं. जाणत्या मुलांना हे काम छान जमतं. हातात मोबाइल मात्र नको.

लहान मुलं कळपाच्या मागं, अरुंद वाटेत आणि फाटकाच्या तोंडाशी चालणार नाहीत, हा नियम कुणासाठीही मोडायचा नाही. गाय मागं लाथ मारतेच, पण बाजूला आणि थोडी पुढंही झाडते. त्यामुळे ‘बाजूनं जा’ म्हणणं पुरेसं नाही. लहानग्यांना कुंपणापलीकडून वासरं मोजू द्या. नुकत्याच व्यायलेल्या गाईपाशी कुणीच जायचं नाही, एरवी कितीही गरीब असली तरी. वळू कळपात असेल तर त्याला गाईंबरोबरच चालू द्यावा, वेगळा काढू नये आणि त्याच्याकडे पाठ फिरवू नये.

बोलणार एकच माणूस. बाकीच्यांनी हातानं खुणा करायच्या: तळहात वर म्हणजे थांबा, हात पुढं म्हणजे येऊ द्या. गुरांना आपल्यापेक्षा बारीक, तीक्ष्ण आवाज ऐकू येतात. शिट्ट्या, किंकाळ्या आणि अचानक वाजणारा फोन त्यांना टोचतो. उडणारी ओढणी, छत्री, सळसळणारा रेनकोट घरी ठेवा. कुत्रं कितीही लाडकं असलं तरी बांधून ठेवा, कळपाबरोबर कामाला शिकवलेलं असेल तर गोष्ट वेगळी.

निघण्याआधी

सकाळची धार उरकलेली, दव सुकलेलं, ऊन चढायच्या आत, ही वेळ बरी. दुपारी उशिरा हलवण्याचाही एक फायदा आहे. दिवसभराच्या उन्हानं गवतात साखर साठलेली असते, त्यामुळे गुरं लगेच चरायला लागतात. पण अंधार पडायच्या आत ती स्थिरावली पाहिजेत. दोन्ही वेळांना वासरं आधी अर्धा तास आयांजवळ सोडून पाजून घ्या. वासरू हरवलं की ते शेवटचं जिथं दूध प्यायलं त्या जागी परत जातं, आणि आईही त्याला शोधायला तिथंच जाते. जोड्या एकत्र निघाल्या तर निम्मा त्रास वाचतो.

लंगडणारं, आजारी आणि दिवस भरत आलेलं जनावर मागं ठेवा. त्याला एकटं मात्र ठेवू नका. कळप नजरेआड झाला की एकटं जनावर दावं तोडतं. सोबतीला एखादी शांत गाय ठेवली तर दोघी रवंथ करत बसतात.

चाल

आधी नव्या कुरणाचं फाटक उघडून घट्ट बांधा, मग जुनं उघडा. जुन्या फाटकातून पहिली बाहेर पडेपर्यंत मागच्यांनी जागचं हलायचं नाही. पुढची गाय माणसाच्या हाकेवर चालू लागली, तिच्यामागं दोन-तीन गेल्या, की मगच मागून हलका दाब. वेग सगळ्यांत लहान वासराचा. वासरं मागं रेंगाळतात आणि खांद्याच्या रेघेचा नियम त्यांना अजून कळत नाही, म्हणून त्यांच्यामागं सावकाश, जवळून चालावं.

रस्ता ओलांडायचा असेल तर दोन्ही बाजूंना, कळपापासून चांगलं लांब, एकेक मोठा माणूस भडक कापड घेऊन उभा करा. गाड्या थांबल्यावरच पुढच्यानं हाक द्यायची, आणि एकदा सुरू झालं की मधे तोडायचं नाही. निम्मी अलीकडे आणि निम्मी पलीकडे राहिली तर अलीकडची गाड्यांमधून धावतात.

कळप उधळलाच तर सगळ्यांनी थांबायचं. हे फार अवघड जातं, कारण हातपाय धावायला शिवशिवतात. पण घाबरलेलं जनावर शांत व्हायला वीस ते तीस मिनिटं घेतं, आणि त्याआधी केलेला प्रत्येक पाठलाग घड्याळ पुन्हा शून्यावर आणतो. पुढच्या माणसानं बादली घेऊन दिसेल असं उभं राहावं, बाजूच्यांनी आपापली भगदाडं धरून ठेवावीत. एकच जनावर मागं पळालं असेल तर त्याच्यामागं धावू नका. दोन शांत गाई घेऊन त्याच्याजवळ जा, तिघी मिळून परत येतात.

पोचल्यावर

आत गेल्या गेल्या गुरं चरत नाहीत. आधी कुंपणाच्या कडेनं चक्कर मारतात. तोवर निघून जाऊ नका. पुढच्या माणसानं बादली पाण्याजवळ नेऊन तिथं थोडी पेंड टाकावी, म्हणजे पाणी कुठं ते सगळ्यांना कळतं. मोजणाऱ्याचा आकडा जुळवा. प्रत्येक वासराची आई जवळ आहे का, हे बघायचं काम मुलांना द्या, हंबरणारी गाय दिसली की त्यांनी सांगायचं. बहुतेक माना खाली गेल्या आणि एक-दोन जनावरं बसली की घरी जायला हरकत नाही. फाटक लावून, साखळी ओढून बघून.

रात्री जुन्या जागेकडे तोंड करून हंबरणारी एखादी असतेच. तिचं वासरू तपासा. ते जवळ असेल आणि पिऊन झालेलं असेल तर ती एक-दोन रात्रींत गप्प बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेण बघा. जरा सैल असेल तर चालेल, पाण्यासारखं फवारत असेल तर सुका चारा वाढवा. खुरांच्या बेचक्यात काटा, कासेवर ओरखडा, कानामागं गोचीड, हे चालता चालता दिसतं. दूध पहिले काही दिवस वरखाली होतं, तेवढ्यावरून चारा बदलू नका. तिसऱ्या दिवशी कुरणाच्या मधोमध जाऊन गवताला हात लावा, कडेला नको, कारण फाटकाजवळचं आणि पाण्याजवळचं गवत नेहमीच आधी संपतं. मधलं गवत चार बोटांवर यायला किती दिवस लागतील, ते तिथंच ठरवा आणि पुढच्या खेपेला कोण कुठं उभं राहणार ते घरी सांगून ठेवा.